डोळे नसलेली मांजर

कागद निर्जीव असतो, असं माझ्या थोरल्या नणंदबाईंच्या घरात म्हणायची कोणाची छाती नव्हती. ठाकुर्लीला त्यांच्या पुढच्या खोलीत बालवर्ग चाले. बडबडगीत नुसतं म्हणायचं नाही, ते हातांनी करायचं, हा त्यांचा दंडक. गाण्यात ससा आला की जुन्या मोज्याचा ससा व्हायचा, चांदोबा आला की पुठ्ठ्याचा चांदोबा पंख्याला लटकायचा आणि उकाड्यात सगळे घामाघूम होत बसायचे, कारण चांदोबाला चक्कर येते. एकदा आम्ही घरी निघताना त्यांनी माझ्या यजमानांची, म्हणजे धाकट्या भावाची, बाही धरली. "अरे, हे काळं बटण दे. अस्वल दोन दिवस एका डोळ्याने बघतंय, बरं नाही वाटत." यजमानांनी तिथेच बटण तोडून दिलं.

वर्ग सुटला की ही सगळी मंडळी फळीवर भिंतीकडे तोंड करून बसत. "दिवसभर पोरांकडे बघून दमतात गं," हे वन्सं इतक्या साधेपणाने सांगायच्या की हसायचं राहून जाई. एकदा धूळ पुसताना मी गंमत म्हणून ससा खोलीकडे वळवला. स्वयंपाकघरातून, कढी ढवळता ढवळता, वन्संचा आवाज आला, "सशाला कोणी वळवलं?" मध्ये भिंत होती. मी ससा परत भिंतीकडे फिरवला आणि दुपारभर त्या फळीकडे पाठ केली नाही.

फक्त एक कागदी मांजर कायम खोलीकडे तोंड करून असे. तिला डोळेच नव्हते. गाणं वन्संनीच जुळवलेलं:

आंधळी मांजर, मऊ मऊ पाय,
उंबऱ्याशी बसून ऐकते काय?

त्या सुमारास कळव्याची एक तरुण बाई चार वर्षांच्या लेकीला घेऊन ठाकुर्लीला माहेरी आली. नवरा अचानक गेलेला. तेव्हापासून लेकीने तोंडातून शब्द काढला नव्हता. डॉक्टर झाले, अंगारे झाले. आई ठाण्याला नोकरीवर जाताना तिला वन्संकडे सोडायची, ती संध्याकाळी सहानंतर न्यायला यायची. पोर कात्री धरी ना गोंद. ती मांजर मांडीवर घ्यायची आणि तिच्या तोंडाशी कान लावून बसायची. मध्येच मान हलवायची, कोणी काही सांगितल्यासारखी. मला ते बघवेना. "वन्सं, काढून घ्या ती मांजर," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "ऐकतेय ना काहीतरी? ऐकू दे."

महिनाभराने, भर दुपारी, मी तिथेच शेंगा सोलत होते. मुलं गाणं म्हणत होती. गाणं संपलं आणि त्या शांततेत ती मुलगी स्पष्ट आवाजात म्हणाली, "मांजर आंधळी नाहीये. डोळे लावलेच नाहीत कोणी."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. वन्संनी बटणांचा डबा तिच्यापुढे धरला. तिने दोन हिरवी बटणं निवडली, स्वतः गोंद लावला, मांजर उचलून कोऱ्या भिंतीसमोर धरली. "बघ," ती मांजरीला म्हणाली, "आई जिना चढतेय."

घड्याळात साडेतीन वाजत होते. आणि बेल वाजली. दारात तिची आई, धापा टाकत. "कामात लक्षच लागेना, काकू. कोणीतरी सारखं हाक मारतंय असं वाटलं. अर्धी रजा टाकून आले." पुढचं तिला बोलता आलं नाही, कारण लेक "आई" म्हणून तिच्या गळ्यात पडली होती.

मांजर त्यांच्याबरोबर गेली. पोर पुढे इतकी बोलकी झाली म्हणतात, की शाळेतून चिठ्ठ्या येतात.

वन्सं आता कल्याणला मुलाकडे असतात. हात थरथरतात, कात्री धरवत नाही. परवा त्यांच्या केसांना तेल लावताना मी एकदाचं विचारलं, "वन्सं, त्या दिवशी तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली तर. पाय गार पडले होते माझे," डोळे मिटूनच त्या म्हणाल्या. "पण पोर बोलत होती गं. तिला काय सांगणार, गप्प बस?"