फणसावरचीच अळंबी

जुलै १९५४, रविवारची सकाळ, मुलुंडचं घर. हजर: आई, शेजारच्या मालवणी काकी, दोन वर्षांचा माझा भाऊ बाळू आणि अकरा वर्षांची मी. काल सहाणेवर सुंठ उगाळताना ओल्या लाकडासारखा वास आला आणि ती सकाळ समोर उभी राहिली.

बाळूच्या घशात पांढरं आलं होतं. दूधही गिळेना. काकी आईला म्हणाल्या, "फणसोंबो उगाळून लाय गो. पण अळंबी फणसावरचीच होयी हां, आंब्यावरची चलाची नाय."

मी परसातलं एकेक झाड तपासलं. आंब्यावरची अळंबी सोडली. फणसाच्या बुंध्यावरची तपकिरी, लाकडासारखी टणक अळंबी कोयत्यानं काढून आणली. काकींनी ती उलटीपालटी करून पाहिली.

"हीच ती! चेडू हुशार आसा गो तुझा!"

मी ऐटीत उगाळायला बसले.

बुधवारी बाळू गेला. तो घटसर्प होता, हे मला फार उशिरा कळलं. डॉक्टर स्टेशनजवळच होते. आम्ही तिघी अळंबी ओळखत बसलो होतो.

आई आता सत्तरीची आहे. "हिनं अगदी अचूक आणली होती, पण त्याचं आयुष्यच तेवढं," असं ती आल्यागेल्याला अजून कौतुकानं सांगते. तिला खरं काय ते सांगायचं राहिलंय.