बिनपाण्याची गाडी

कवळीवाल्या बाईंनी बावन्नाव्या वर्षी स्पोर्ट्स कार घेतली, तेव्हा गल्लीतल्या लोकांना दोन दिवस दुसरा विषय सुचला नाही. बाई खोटे दात बनवायच्या. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांची लॅब होती. प्लास्टरचे साचे, मेणाच्या वड्या, गुलाबी हिरड्यांचा डबा, आणि फडताळावर दवाखान्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या लावलेले जबडे ओळीने हसत बसलेले. लग्न त्यांनी केलं नव्हतं आणि का केलं नाही हे विचारणारे सगळे केव्हाच थकले होते. अशा बाईने फार तर मांजर पाळावं, असं जगाचं मत. बाईंनी गाडी पाळली.

गाडी त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी. दोन दारं, जेमतेम दोन माणसांची जागा, आणि डिकी असायला हवी तिथे इंजिन. ज्या म्हाताऱ्या डेंटिस्टसाठी बाईंनी बावीस वर्षं कवळ्या बनवल्या, त्यांची ती. दवाखाना बंद करताना ते म्हणाले, "गाडी घेणार का?" आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत बाई हो म्हणून बसल्या. मग आठवडाभर, आपण हे काय करून ठेवलं, असं त्या स्वतःलाच विचारत राहिल्या.

किल्ली देताना डेंटिस्टनी बजावलं होतं, "हिला रेडिएटर नाही. पाण्याचा थेंब लागत नाही. वाऱ्यावर थंड होते ही. तेलाला मात्र जिवापलीकडे जपायचं." तेच मिस्त्रीने सांगितलं. तेच विमावाल्याने सांगितलं. पुढे पेट्रोल पंपावरचा माणूस काच पुसता पुसता "पाणी बघू का?" म्हणाला, तेव्हा बाईंनी स्वतः त्याला उभ्या उभ्या दहा मिनिटं ते सगळं समजावलं. इतक्यांदा ऐकलं आणि सांगितलं, की या गाडीला पाणी लागत नाही हे आता साऱ्या जगाला माहीत आहे असं त्यांनी धरूनच टाकलं.

गाडीबरोबर नांदणं सोपं नव्हतं. दार हलकं लावलं तर लागत नसे, जोरात लावलं तर काच खाली घसरे. हीटर लावला की आत तेलाचा वास. उतरताना आधी एक पाय, मग धीर, मग दुसरा पाय. आणि आवाज असा, की एका दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट म्हणायची, "बाई, तुम्ही कोपऱ्यावर वळलात की मी पेशंटला खुर्चीत बसवते." पण त्या आवाजाने बाईंच्या अंगात वीस वर्षांपूर्वीची बाई संचारायची, हेही खरं. दिवसभर दुसऱ्यांच्या जबड्यात डोकं घालून बसणाऱ्या माणसाला तेवढं तरी हवंच.

त्याच सुमाराला नाना राहायला आले. नाना म्हणजे बाईंचे वडील. चौतीस वर्षं बस चालवली, एक अपघात नाही. आई गेल्यावर मोठ्या घरात एकटे कसे राहणार म्हणून बाईंनी त्यांना आणलं. पहिले काही महिने ते खिडकीशी बसून असत. मग एकदा त्यांनी दूध गॅसवर ठेवलं आणि विसरले. पातेलं काळं ठिक्कर. महिन्याभराने नळ चालू राहिला आणि लॅबमध्ये घोट्याएवढं पाणी झालं. धाकटा भाऊ दुसऱ्या गावाहून आला, डोकं धरून बसला आणि म्हणाला, "ताई, हे असंच वाढत जातं. मी एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय. चांगला आहे, बाग आहे, डॉक्टर आहे. अजून एक काही झालं की आपण त्यांना तिथे ठेवू. तू लपवायचं नाहीस."

बाईंनी दार लावून घेतलं आणि शब्द दिला. "अजून एक काही झालं तर मी स्वतः तुला फोन करीन." दिलेला शब्द फिरवायची बाईंना सवय नव्हती. म्हणून त्या दिवसापासून गॅस आणि नळ त्या दिवसातून दहादा बघून येत.

गाडीला नानांनी आधी नावं ठेवली. "एवढीशी? आमच्या बसच्या स्टिअरिंगवरून ओवाळून टाकावी अशी." पण पंधरा दिवसांत त्यांचा पाय खिडकीपाशी ठरेना. सकाळी बाईंच्या आधी खाली उतरत, काचा पुसत, टायरवर लाथ मारून हवेचा अंदाज घेत. म्हाताऱ्याला काहीतरी सापडलं म्हणून बाईंना बरं वाटलं. त्या वरून बघत आणि निश्चिंतपणे चहा पीत.

एका बुधवारी सकाळी दहाच्या आत दोन कवळ्या पोचवायच्या होत्या. बाई गाडीत बसल्या, किल्ली घातली. नाना खिडकीशी वाकले.

"पाणी बघितलंय मी. पार तळाला गेलं होतं. सव्वा लिटर लागलं."

बाईंचा हात किल्लीवर तसाच राहिला.

"कुठे घातलंत नाना?"

"कुठे म्हणजे? पाण्याच्या झाकणातून." नानांनी मागे जाऊन इंजिनावरचं झाकण उघडलं आणि तेलाच्या बुचावर बोट ठेवलं.

बाईंचा आवाज चढला. एरवी त्या कुणावर ओरडत नसत, पण त्या वेळी गल्लीने ऐकलं. "अहो, ते तेलाचं आहे! या गाडीला पाणी नसतंच!"

"नसतंच?" नाना म्हणाले. "असं कसं नसेल?" आणि ते पायरीवर जाऊन बसले. त्यांचा चेहरा एकदम लहान झाला होता.

इंजिनाचं काय झालं असेल ते बाईंच्या मनात नंतर आलं. आधी आला तो फोन. हेच ते 'अजून एक काही'. पेटीत चार सदरे, औषधांचा डबा, आणि नाना बागेतल्या बाकावर. बाईंना भडभडून आलं. भावाला लावण्यासाठी उचललेल्या फोनवरून त्यांनी मिस्त्रीला फोन लावला.

"किल्ली फिरवलीत?" मिस्त्रीने पहिलं तेवढंच विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"नाही हो फिरवली!"

"मग काही बिघडलं नाही. फिरवली असती तर तेल-पाण्याचा ताक घुसळल्यासारखा फेस झाला असता आणि इंजिन बसलं असतं. आता पाणी जड, तेल हलकं. पाणी निमूट तळाशी बसलंय. हात लावू नका, आलोच."

तो आला, पुठ्ठा अंथरून गाडीखाली सरकला. "काकांनी किती घातलं? जेवढं घातलं तेवढं बाहेर यायला हवं. आत राहिलं तर बेअरिंग खाईल."

बाईंना नानांना विचारायची हिंमत होईना. पातेलं विसरलेला माणूस, त्याच्या आकड्यावर काय भरवसा ठेवायचा? पण नाना पायरीवरूनच म्हणाले, "सांगितलं ना, सव्वा लिटर. लिटरची बाटली होती. एक अख्खी आणि एक पाव."

बाई आत गेल्या आणि लॅबमधलं मापाचं काचेचं भांडं घेऊन आल्या. त्यांच्या धंद्यात पाणी कधी अंदाजाने घेत नाहीत. प्लास्टरमध्ये थोडं जास्त पडलं तर साचा ठिसूळ होतो आणि माणसाची कवळी जन्मभर टोचते. मिस्त्रीने पोटाखालचा नट सोडला. आधी पाणी आलं. स्वच्छ, नळातून यावं तसं. बाई गुडघ्यांवर बसून रेघा बघत होत्या. पाचशे. आठशे. हजार. मिस्त्रीने हळूच विचारलं, "थांबतंय का?" थांबत नव्हतं. अकराशे. बाराशे. मग धार काळपट झाली, चिकट झाली आणि तेल यायला लागलं. मिस्त्रीने नट परत घट्ट केला.

"किती?"

"एक हजार दोनशे चाळीस," बाई म्हणाल्या. "दहा मिलिलिटर कमी."

"ते दहा हलक्या तेलाने धुवून काढतो. मग नवं तेल भरू." मिस्त्री खाली पडल्या पडल्याच हसला. "काका, तेलाचा वास नाही आला का हो?"

"आला की," नाना म्हणाले. "म्हटलं, हेड गास्केट गेलंय, पाण्यात तेल उतरतंय. आमच्या तीन नंबरच्या बसचं असंच झालं होतं. आज संध्याकाळी सांगणारच होतो हिला."

मिस्त्री उठून बसला. "बाई, यांचं काय चुकलं? मीही हेच म्हटलं असतं. तुम्ही त्यांना सांगितलंत कधी, हिला पाणी नसतं म्हणून?"

बाईंनी आठवून बघितलं. विमावाल्याशी बोलणं झालं होतं. पेट्रोल पंपावरच्या अनोळखी माणसाला तर व्याख्यान दिलं होतं. रोज सकाळी जो माणूस गाडी पुसत होता त्याला सांगितलं नव्हतं. त्या भांडं हातात धरून तशाच बसल्या आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी तेलकट हातानेच पुसलं. नाना विसरले नव्हते. ते मोजत होते, हुंगत होते, निदान करत होते. फक्त त्यांची बस वेगळी होती.

मिस्त्री पुन्हा गाडीखाली सरकला. बाई पायरीवर नानांच्या शेजारी जाऊन बसल्या.

"फोन करणार आहेस ना त्याला?" नाना म्हणाले.

बाई दचकल्या.

"दार लावलं होतंस तू त्या दिवशी. पण कान शाबूत आहेत माझे." नाना समोर बघत होते. "दूध मी विसरलो, ताई. नळही. ते खरंय. तेव्हापासून मीच घाबरलोय. रोज सकाळी जाग आली की माझ्या रूटचे सगळे स्टॉप मनात म्हणून बघतो. एक्केचाळीस आहेत. येतात. पण आज म्हटलं, आता संपलं."

"म्हणून दाखवा," बाई म्हणाल्या.

नानांनी डोळे मिटले. डेपो. पोस्ट. शाळा. लाकडाची वखार. जुना दवाखाना. प्रत्येक नावाला त्यांचा उजवा हात मांडीवर किंचित वळत होता, डावीकडचं वळण डावीकडे, उजवीकडचं उजवीकडे. बाई बोटांवर मोजत होत्या, वीसच्या पुढे त्यांचं चुकलं, तेव्हा गाडीखालून मिस्त्रीचा आवाज आला, "एकवीस, बाई. मी मोजतोय."

एक्केचाळीसपर्यंत एकही सुटला नाही. शेवटचा स्टॉप म्हणून झाल्यावर नाना डोळे उघडून म्हणाले, "इथे पाच मिनिटं थांबायचं."

पाच मिनिटं दोघं तशीच थांबली. मग बाईंनी भावाला फोन लावला, कारण शब्द दिला होता.

"काय झालं ताई? काही विसरले का?"

"हो, एक विसरणं झालं."

"कोण? नाना?"

"मी," बाई म्हणाल्या.