निकेलचा काप

माझे वडील, अप्पा, मेलकावेरीतल्या एका कारखान्यात वीस वर्षं पोलादावर विजेनं निकेलचा मुलामा चढवत. त्यांनी मुलामा दिलेला मरुदानल्लूरच्या भजनमंदिराचा नवा कठडा वर्षाच्या आत गंजला, तेव्हा कारखान्याचा मालक भजनाला जमलेल्या सगळ्या मंडळींसमोर त्यांना म्हणाला, "म्हातारा झालास. लोखंड नीट धूत नाहीस, म्हणून मुलामा टिकत नाही."

घरी येऊन अप्पा एवढंच म्हणाले, "काम लौकर व्हायला वीज वाढवली त्यानं. मी नको म्हटलों होतों." दुसऱ्या दिवसापासून ते कामावर गेले नाहीत. भजनालाही नाहीत.

मी कॉलेजात धातुशास्त्र शिकवते. त्या माणसाला त्याच जागी, त्याच मंडळींसमोर मान खाली घालायला लावायची, याखेरीज मला काही सुचत नव्हतं.

विश्वस्तांना विचारून नव्या कठड्याचा एक तुकडा कापून आणला, आणि पायरीजवळच्या जुन्या कठड्याचाही. तो अप्पांनीच पूर्वी, कमी विजेवर, सावकाश केलेला. दोन्ही काप आरशासारखे घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. जुन्यात निकेलचे कण बारीक, एकमेकांना चिकटून बसलेले. नव्यात ते, वीज फार वाढवली की होतात तसे, जाड खांबांसारखे उभे, आणि खांबांमधल्या फटी थेट पोलादापर्यंत. पाणी तिथून उतरलं होतं. वरचं निकेल शाबूत, खालचं पोलाद खाल्लेलं. धुण्यात चूक असती तर मुलाम्याचे पापुद्रे सुटले असते. फटी सोडल्या तर इथे तो घट्ट धरून होता. मी एकटीच हसले. चांगलं हसू नव्हतं ते.

पुढच्या भजनाला दोन्ही कापांचे सूक्ष्मदर्शकातले फोटो मोठे करून नेले, मंडळींना समजावून सांगितलं. मालक घाईनं उठला. "आत बसून बोलू, अम्मा."

"नाही. अप्पांना इथेच बोललात. वीज कुणी वाढवली?"

तो दाराकडे वळला. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्या वेळी तो पुटपुटला, "मीच."

"मागच्यांना ऐकू आलं नाही."

त्याला मोठ्यानं म्हणावं लागलं.

आठवड्यानं तो माफी मागायला घरी आला. अप्पांनी त्याला खुर्ची दिली, बराच वेळ फोटोतले बारीक कण बोटानं दाखवत राहिले. मग माझ्याकडे पाहिलं. आमच्या गावात दारी आलेल्याला कॉफी न विचारणं म्हणजे शिवीच.

मी जागची हलले नाही.