नकाशातली उघडी गल्ली

सुधाकर गेल्याचा निरोप मला शाळेत मिळाला, दुसऱ्या तासाला. खडू ठेवला आणि सायकल काढली. शाळा माझ्या घराच्या बाजूला. त्याच्या-माझ्या घरांत अंतर वीस पावलांचं, पण मध्ये भिंत. म्हणून बाजारातून मैलभर फिरून जावं लागलं...

आदिलाबादला तो सरकारी कचेरीत गावाचे नकाशे काढायचा. जुन्या गावातली कुठलीही गल्ली दुसरीला जाऊन मिळायची. पुढे शेतं मोडून प्लॉट पडले, ज्यानं त्यानं आपल्यापुरते रस्ते आखले आणि शेजाऱ्याच्या कुंपणाशी आणून सोडले. हे त्याला फार लागायचं. "गाव वाढून नाही राह्यलं गुरुजी, तुटून राह्यलं," म्हणायचा. आम्ही त्याला 'गल्लीमंत्री' म्हणून चिडवायचो.

त्याची आणि आमची कॉलनी लागून, दोन्ही गल्ल्यांची तोंडं समोरासमोर. गुरं शिरतात, परकी माणसं येतात म्हणून आम्ही मध्ये भिंत घातली, वर काचा लावल्या. कॉलनीचा चिटणीस मी. गवंडीही मीच आणला. सुधाकर आला. म्हणाला, "एक मानूस निघंन एवढं तरी ठेवा." मी "पाहू" म्हणालो आणि पाहिलं काहीच नाही. त्यानं अबोला धरला नाही. पण मुलीच्या लग्नपत्रिकेवर घराचा नकाशा काढला, त्यात ती गल्ली उघडीच दाखवली. असा हट्टी!

त्याची थोरली बहीण आजारपणामुळे त्या लग्नाला आली नव्हती. भाऊ गेल्याचं कळताच तीच पत्रिका घेऊन नेरडीगोंड्याहून एकटी निघाली, या घरी पहिल्यांदाच. नकाशाबरहुकूम आमच्या गल्लीच्या टोकाला पोचली... तिथं भिंत. विचारत विचारत, वळसा घालून दारात आली तेव्हा आम्ही त्याला पोचवून परतलो होतो.

"भितीपल्याडून रडनं आयकू येत होतं," ती मला म्हणाली. "लय हाका मारल्या जी. काऊन बांधली असन ही भित?"

बांधणारा तिच्यासमोर उभा होता. मी म्हणालो, "काय माहीत, बाई."

परवाच्या सभेत भिंत पाडायचं मी काढलं. एकही हात वर झाला नाही. मीही रेटून बोललो नाही. भिंत आता निघत नाही, हे मला ठाऊक आहे.

सुधाकरच्या खोलीत त्याचे नकाशे गुंडाळून ठेवलेत. तुम्हीच घेऊन जा, असा वहिनींचा दोनदा निरोप आला. फार लांबून यावं लागतं, सवडीनं येतो, असं मी कळवलं.