हाताला पेट्रोलचा वास

वडील गेले आणि त्यांची मोटारसायकल माझ्याकडे आली. घाटकोपरहून अंधेरीला ऑफिसात मी तिच्यावरूनच जातो. गाडी जुनी, किक मारून सुरू होणारी, टाकीखाली पेट्रोलचा कॉक असलेली. गाडी लावली की कॉक बंद करायचा, ही वडिलांची शिस्त. मी तो कधीच बंद केला नाही. कंटाळा, दुसरं काय!

इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पंपावर आलं तेव्हा ऑफिसात सगळे बोंबलत होते. मी मात्र शहाणपणा शिकवत होतो. "काही होत नाही यार. उसाचा रस पितेय गाडी, पिऊ दे ना." मग माझ्याच गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं. टाकी भरावी आणि बघता बघता ती रिकामी व्हावी. त्यात भर म्हणजे सकाळी गाडी गल्लीच्या तोंडाशी जाऊन बंद पडायला लागली. बघतो तर कॉक बंद. मी तर उघडाच ठेवला होता! म्हणजे कोणीतरी पाईप काढून पेट्रोल चोरतंय आणि जाताना कॉक बंद करतंय, असं मी धरून चाललो. पेट्रोलवर संशय घ्यायचा सोडून मी माणसांवर घेतला.

एका सकाळी मुद्दाम लवकर खाली उतरलो. तळमजल्यावरचे काका माझ्या गाडीपाशी वाकले होते. वडिलांचे गिरणीतले सोबती, मालवणकडचे, मला अंगाखांद्यावर खेळवलेले. त्यांचा हात टाकीखाली होता.

"काय करताय काका?"

"वास इलो रे झिला. कॉक बंद केलंय. तुझो बापूस रोज बंद करी, तू इसारतंस."

मला ती सरळ थाप वाटली. "हात दाखवा," मी म्हणालो. आवाज चढला होता. त्यांची सून दुधाची पिशवी घेऊन दारात उभी राहिली, वरून शेजारी डोकावायला लागले. काकांना काही कळलं नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी हात पुढे केला. मी तो मनगटाला धरून नाकाशी नेला आणि हुंगला.

"पेट्रोलचा वास आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "आता काय बोलणार?"

"बाबा, आत या," सून म्हणाली, आणि ते आत गेले. चोर पकडला म्हणून मी दिवसभर खुशीत होतो. आज लिहितानाही कान तापतात.

त्यानंतर कॉकला कोणी हात लावला नाही. थोड्याच दिवसांत ऑफिसच्या पार्किंगमधून निरोप आला, तुमच्या गाडीखाली पेट्रोल सांडलंय. धावत गेलो. कॉकला जोडलेला रबरी पाईप फुगून मऊ पडला होता, टोकाला तडा गेला होता आणि पेट्रोल कॉकवरून खाली ठिबकत होतं. मी घाईघाईने कॉक बंद केला. मग हात नाकाशी नेला. तोच वास. तिथेच, गाड्यांच्या मधे, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गॅरेजवाल्याने पाईप हातात घेतला आणि म्हणाला, "जुनं रबर, नवीन पेट्रोल. वाट लागणारच." त्याने नवा पाईप बसवून दिला.

संध्याकाळी काकांच्या दारात गेलो. "माझं चुकलं" एवढंच म्हणायचं होतं. पण सून समोर बसलेली, आणि माझ्या तोंडून निघालं, "पाईप फाटला होता, काका."

"बदललंस मा?"

"हो."

"बरा झाला. मगे आता वास येवचो नाय."

मी मान डोलावली आणि जिना चढलो. म्हणजे माफी मागायला गेलो आणि पाईपची बातमी देऊन आलो. सगळ्यांसमोर आरोप करताना जीभ कशी चुरुचुरु चालली होती!

दसऱ्याला गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. मग आपट्याची पानं घेऊन काकांकडे गेलो, दरवर्षी जातो तसा. वाकून पाया पडलो आणि सोनं पुढे केलं. काकांनी घ्यायला उजवा हात उचलला, पण मधेच थांबले. तो लेंग्याला नीट पुसला. नाकाशी नेऊन हुंगून बघितला. आणि मग माझ्यापुढे धरला.