फोटोवरची सुताची माळ

माझ्या नवऱ्याच्या फोटोसमोर समई पेटली होती, खाली पाटीवर 'हुतात्मा' लिहिलं होतं, आणि नवरा माझ्या शेजारी उभा राहून चहा पीत होता.

"अवं, मी कधी मेलो?" त्यानं विचारलं.

वर्ध्याच्या त्या सभागृहात फौजी घरांतल्या लढाईच्या काळच्या वस्तू मांडल्या होत्या. गोळा करणारे पुण्याचे एक निवृत्त प्राध्यापक. महिन्यापूर्वी ते पवनारला आमच्या घरी आले, तेव्हा नवरा वांग्यांच्या वाडीत गेला होता. बाहेरच्या खोलीत कंदील टांगलेला. लढाईत उजेड बाहेर पडू नये म्हणून मी त्याची काच काजळीनं अर्धी काळी केली होती. विमान काही आमच्याकडे आलं नाही, बोटं मात्र भाजली. शेजारी नवऱ्याचा वर्दीतला फोटो, त्याला सुताची माळ. प्राध्यापकांनी डोळे मिटून फोटोला हात जोडले. मला वाटलं, शिकलेल्यांची रीत असेल. दोन्ही वस्तू दिल्या.

आमच्याकडे माणसाचा मान करायचा तर सुताची माळ घालतात, जित्याजागत्या माणसाला. नवरा लढाईहून परतला तेव्हा गावानं घातली, ती मी फोटोला अडकवली. हार घातलेला फोटो म्हणजे मेलेला माणूस, एवढंच प्राध्यापकांना ठाऊक. इतकी पुस्तकं वाचली, पण तोंड उघडून एक प्रश्न विचारवला नाही.

मी त्यांना पाटी काढायला सांगितलं. नवरा समोर उभा केला. त्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मग दाराकडेच पाहत राहिले.

"आजी, पाहुणे येतीलच आता. भाषणात उल्लेख आहे. आजचा दिवस राहू द्या ना."

"मंग तुमच्या बायकोले सांगा, आजचा दिवस कुंकू पूस, उद्या लावजो."

नवरा मात्र म्हणाला, "राहू दे वं. माह्याबद्दल कोणी चांगलं बोलन, ऐकून तरी घेतो."

"तुमी चहा प्या."

मी समई चिमटीनं विझवली. फोटो उतरवला, माळ सरळ केली आणि फोटो नवऱ्याच्या हातात दिला. कंदील मी घेतला. बसस्टँडपर्यंत नवरा कुरकुरत आला.

त्या लढाईवर आमच्या घरून एकच माणूस गेला होता, तो परत आला. घरी सासू होती आणि मी होते. सासू पुढे म्हातारी होऊन गेली. आम्ही दोघं आहोत.