उघड्या खिडकीची अट

मला वाट पाहता येत नाही. रांगेत उभी राहिले तरी माझे पाय जागच्या जागी चालत असतात. त्यामुळे सत्तरच्या दशकातला तो एक महिना मी कसा काढला, याचं मलाच नवल वाटतं.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या ओळखीतल्या एका हौशी मंडळाला एकांकिका स्पर्धेत उतरायचं होतं आणि बायकोचं काम करायला मुलगी मिळत नव्हती. मला विचारलं तेव्हा मी हो म्हणून मोकळी झाले. बाबांना नंतर सांगितलं. दोन दिवसांनी जेवताना, ताटावरून नजर न उचलता ते म्हणाले, "हे एक नाटक कर. मी पाहीन. पुढचं मंग सांगतो."

वर एक अट घातली. तालमीच्या खोलीची रस्त्याकडची खिडकी उघडी राहिली पाहिजे. ते स्वतः ऑफिस सुटल्यावर समोरच्या दुकानाच्या ओट्यावर बसतील आणि तालीम संपली की मला सायकलवर डबलसीट सक्करदऱ्याला घरी घेऊन जातील. लोकांनी काही बोलायच्या आत लोकांना दिसलं पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता.

खोली इतवारीत होती, भांड्यांच्या दुकानांच्या ओळीत, माडीवर. खाली तांबट दिवेलागणीपर्यंत पितळेवर ठोके घालत बसायचे. त्यात हातठेले, टेम्पोचे हॉर्न, हमालांची ओरड. मंडळी आजवर खिडकी लावून तालीम करत आली होती. आता माझ्यापायी ती सताड उघडी. आमचे दिग्दर्शक टेलिफोन खात्यात कारकून होते. ते भिंतीला टेकून बसायचे आणि दर दोन वाक्यांनी ओरडायचे, "आवाज टाका गा! मले काही ऐकूच नाही येऊन राहिलं!"

माझ्या नवऱ्याचं काम करणारा कोराडीच्या वीज केंद्रात होता. ड्यूटी संपवून बसनं यायचा, तो भुवयांवर राख घेऊनच. त्याची बस वेळेवर आली तर त्या दिवशी आम्ही पेढे वाटायचेच काय ते बाकी राहायचे. तोवर मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारायची. "बस ना वं एका जागी," दिग्दर्शक वैतागायचे. "तुले पाहून मलेच चक्कर येऊन राहिली."

बसणार कशी? प्रत्येक फेरीत खिडकीतून खाली बघायची. बाबा ओट्यावर बसलेले, घडी घातलेल्या वर्तमानपत्रानं वारा घेत, तोंड रस्त्याकडे. ते ऐकत होते की नुसते बसले होते, कळायला मार्ग नव्हता. मला त्यांचा भयंकर राग यायचा. नाही म्हणायचं तर नाही म्हणा, पण हे "मंग सांगतो" काय? मला नाटक करायचं होतं, एकच नाही, पुढेही, आणि ते सगळं त्या वर्तमानपत्रामागं अडकून पडलं होतं.

एकांकिका साधी होती. एका खोलीतलं जोडपं, नवरा नोकरी सोडून आलेला, पाळण्यात बाळ झोपलेलं. ते उठू नये म्हणून दोघं कुजबुजत भांडतात. माझं पहिलंच वाक्य होतं, "हळू बोला ना. बाळ आत्ताच झोपलंय." हे वाक्य मी महिनाभर ठोक्यांच्या वरताण ओरडून म्हटलं. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. आम्हाला सगळ्यांना ती कुजबुजच वाटत होती.

स्पर्धेच्या दिवशी पडदा वर गेला. सभागृहात इतकी शांतता होती की मला खुर्च्यांची करकर ऐकू येत होती. नवरा गरजत आत आला. मी ओठांवर बोट ठेवलं आणि छातीतला सगळा आवाज काढून म्हणाले, "हळू बोला ना! बाळ आत्ताच झोपलंय!"

मागून कोणीतरी म्हणालं, "उठलं वं ते!" आणि सगळं सभागृह हसायला लागलं.

मी आवाज खाली आणला, तर मागचे ओरडले, "आवाज! आवाज!" वर नेला की पुन्हा हशा. मधला आवाज आमच्याजवळ नव्हताच. बाबा तिसऱ्या रांगेत होते. ते हसत नव्हते, एवढंच मला दिसलं.

पडदा पडल्यावर नवरा मिशी काढत म्हणाला, "त्या खिडकीनं मारलं आपल्याले." कोणी माझ्याकडे बघितलं नाही, त्यामुळे मला जास्तच लागलं. रंगमंचामागच्या दारात बाबा सायकल धरून उभे होते. त्यांनीही ते ऐकलं असणार.

बाहेर अजून उजेड होता. मी कॅरिअरवर बसले. बाबा पायडल मारत होते आणि मला त्यांची नुसती पाठ दिसत होती. सक्करदऱ्याचा तलाव आला. शेवटी माझ्यानं राहवेना.

"बाबा, सांगा ना. हे शेवटचंच आहे का?"

"आता ती खिडकी लावून घेत जा वं," ते म्हणाले. "त्या ठोक्यापायी सारं बिघडून राहिलं तुमचं."

"पण मंग खालून तुम्हाले काही दिसणार नाही."

"काय पाहाचं आहे आता? तालीम सुटली की येईन घ्यायले."

मला रडूच फुटलं. महिनाभराच्या सवयीनं तेही असं मोठ्यानं की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. बाबांनी मान जराशी मागे वळवली.

"हळू ना," ते म्हणाले. "बाळ आत्ताच झोपलंय."